आरोपीच्या पिंजऱ्यातली नायिका

‘पेइंग गेस्ट’ हा १९५७ सालचा चित्रपट मध्यंतरापर्यंत पाहून कुणी उठून घरी गेले असते, तर त्याने जन्मभर एका खेळकर प्रेमकथेची आठवण सांगितली असती. लखनौसारखे नजाकतीचे शहर. भाडे थकल्यामुळे बिऱ्हाड सोडावे लागलेला एक तरुण वकील. त्याने पांढरी दाढी लावून घेतलेले म्हाताऱ्या मिर्झांचे सोंग. आणि ज्या घरात हे मिर्झा भाडेकरू म्हणून शिरतात, त्या घरातली चलाख, नाकाच्या शेंड्यावर राग असलेली मुलगी. देव आनंदने थापा मारायच्या, नूतनने त्या ओळखूनही न ओळखल्यासारखे करायचे, किशोरकुमार आणि आशाबाईंनी खट्याळपणा करायचा आणि सचिनदेव बर्मन यांनी या सगळ्याला ठेका द्यायचा, असा तो मामला होता.

पण जो उठला नाही, त्याला पुढे वेगळेच काही पाहावे लागले. पैशासाठी एका वयस्क, श्रीमंत वकिलाच्या गळ्यात माळ घालणारी मैत्रीण, तिची नायकावर पडलेली नजर, मग ब्लॅकमेल, मग पिस्तूल, मग खून. आणि ज्या मुलीच्या रुसव्याफुगव्यांवर आपण इतका वेळ हसत होतो, ती शांती खुनाच्या आळाखाली थेट आरोपीच्या पिंजऱ्यात! सोंग घेऊन तिच्या घरात शिरलेला वकील आता काळा कोट घालून तिच्या बचावासाठी उभा. समीक्षकांनी अशा चित्रपटांना दुभंगलेले म्हणून नावे ठेवली आहेत आणि ती फारशी चुकीचीही नाहीत. सुबोध मुखर्जींच्या दिग्दर्शनातला आणि नासिर हुसेन यांच्या लेखणीतला सांधा कुठे जोडला आहे, ते उघड दिसते. तरीही चित्रपट कोसळत नाही. तो सांधा ज्या एका चेहऱ्यावर तोलून धरला आहे, तो नूतनचा चेहरा आहे.

त्या काळातल्या हिंदी चित्रपटाला प्रेमातून गुन्ह्याकडे वळण्याचे वेडच होते. १९४३ च्या ‘किस्मत’मध्ये नायक पाकीटमार होता, १९५१ च्या ‘बाझी’ने जुगाराचा अड्डा आणि प्रेम एकाच धाग्यात ओवले. ‘फिल्मिस्तान’सारख्या कंपन्यांनी यातून एक हुकमी बेत बसवला. एका तिकिटात प्रेक्षकाला हसू, गाणी, अश्रू आणि शेवटी कोर्ट, असे सगळे ताट वाढायचे. त्यात नायिकेचे काम बहुधा ठरलेले असे. पहिल्या अर्ध्यात लाजायचे आणि दुसऱ्या अर्ध्यात रडायचे. नूतनने हे ठरलेले काम जवळजवळ चाळीस वर्षे नाकारले. तिच्या बहुतेक चांगल्या भूमिका पाहा, तिच्यावर कसला ना कसला आरोप आहे. कधी चोरीचा, कधी खुनाचा, कधी चारित्र्याचा, कधी नुसता जन्माचा. आणि तिच्या खासगी आयुष्यातही एक प्रकरण कोर्टापर्यंत गेले, तेही जन्मदात्या आईशी.

नूतन समर्थचा जन्म ४ जून १९३६ रोजी मुंबईत झाला. वडील कुमारसेन समर्थ हे दिग्दर्शक आणि कवी. मराठी प्रेक्षक त्यांना ‘शिर्डीचे साईबाबा’मुळे ओळखतात. आई शोभना समर्थ, माहेरच्या सरोज शिलोत्री. विजय भट्ट यांच्या ‘रामराज्य’मध्ये, म्हणजे १९४३ साली, त्या सीता झाल्या आणि देशभरातल्या घरांतून त्यांची छबी देवादिकांच्या तसबिरींशेजारी लागली. अशा देखण्या आईच्या पोटी आलेली ही थोरली मुलगी हडकुळी होती, नाकीडोळी वेगळी होती आणि नातेवाईक जे बोलायचे ते तिच्या देखतच बोलत. स्वतःच्या रूपाविषयीचा हा संकोच तिच्या अभिनयातून कधीच पूर्ण गेला नाही. गेला नाही हे आपले नशीब. आरशात स्वतःकडे पाहणाऱ्या नायिका पुष्कळ होत्या, समोरच्या माणसाकडे निरखून पाहणारी ही एकच.

आईवडील पुढे वेगळे झाले आणि संसाराची, चार मुलांची सूत्रे शोभनाबाईंच्या हातात आली. त्या बाईंचे धाडस मोठे होते, हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण पुढे जे घडले त्याने त्यांच्याविषयी एकांगी मत होण्याची भीती आहे. नट्यांना उतरत्या वयात कुणी विचारत नाही, हे ओळखून त्यांनी स्वतःच निर्माती आणि दिग्दर्शिका होऊन १९५० साली ‘हमारी बेटी’ काढला. पडद्यावरची बेटी त्यांचीच होती. नूतनचे वय तेव्हा चौदा. धाकट्या तनुजानेही त्यात लहानपणीचे काम केले. म्हणजे एकाच चित्रपटात घरातल्या तिघी कामाला लागल्या होत्या. पुढच्याच वर्षी ‘हम लोग’ आणि ‘नगीना’ आले. ‘नगीना’ हा रहस्यपट, सेन्सॉरने तो केवळ प्रौढांसाठी ठरवला. आणि त्याच्या नायिकेला, वय अजून सोळाही नसल्यामुळे, चित्रपटगृहाच्या दारावरच अडवले, असे सांगतात. पोरीने कमावावे, पण कमाई कशातून आली ते तिने पाहू नये! नूतनच्या पुढच्या आयुष्यातले अर्धेअधिक त्या दारावरच्या प्रसंगात आहे असे मला वाटते.

१९५३ मध्ये आईने तिला शिकायला स्वित्झर्लंडला पाठवले. वर्षभराने ती अंगाने भरून आणि मनाने मोकळी होऊन परतली. त्यानंतर १९५५ मध्ये अमिय चक्रवर्ती यांचा ‘सीमा’ आला आणि खरी नूतन दिसली. चोरीचा खोटा आळ आल्याने आश्रमात पाठवली गेलेली गौरी. ती रडत नाही, फोडते. काचा फोडते, भांडी आपटते, अंगावर धावून जाते. मग हळूहळू बलराज साहनींच्या अशोकबाबूंच्या शांत स्वभावापुढे निवत जाते. या चित्रपटात जयजयवंतीतले एक गाणे आहे. आवाज लताबाईंचा आहे, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण नूतनचा गळा, मानेच्या शिरा, श्वास घेण्याच्या जागा पाहिल्या की क्षणभर शंका येते. तिने शास्त्रीय संगीताची तालीम घेतलेली होती. ‘हमारी बेटी’त आणि पुढे आईच्याच ‘छबिली’त ती स्वतःच्या आवाजात गायलीही आहे. ‘सीमा’ने तिला पहिले फिल्मफेअर पारितोषिक दिले. याच चित्रपटातून सायकलपटू शुभा खोटे पडद्यावर आली, आणि दोनच वर्षांनी ‘पेइंग गेस्ट’मध्ये नूतनच्या आयुष्यात विष कालवणारी मैत्रीण म्हणून उभी राहिली.

मराठी माणसाला ‘पेइंग गेस्ट’ पाहताना आणखी एक गंमत सापडते. शांतीचे वडील झाले आहेत गजानन जागीरदार. म्हणजे ‘प्रभात’चे रामशास्त्री! पेशव्यांच्या घरातल्या खुनाचा निवाडा करणारा तो न्यायाधीश इथे एका साध्या घरमालकाच्या रूपात आपल्या मुलीला भाडेकरूच्या भरवशावर सोडतो. नायिका मराठी, खलनायिका मराठी, बाप मराठी, आणि गोष्ट लखनौची. गोरेगावच्या स्टुडिओत तेव्हा काहीही शक्य होते. पुढे तर आणखी एक धागा जुळला. सुबोध मुखर्जींचे थोरले बंधू शशधर मुखर्जी हे ‘फिल्मिस्तान’च्या संस्थापकांपैकी एक. त्यांचे चिरंजीव शोमू यांच्याशी तनुजाचा विवाह झाला, आणि ज्या दिग्दर्शकाने नूतनला खुनाच्या खटल्यात उभे केले, त्याचे घर तिच्या धाकट्या बहिणीचे सासर झाले.

या चित्रपटात नूतन काय करते, ते थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. पहिल्या अर्ध्यात तिचा राग लटका आहे, पण संशय खरा आहे. मिर्झांच्या दाढीकडे ती ज्या नजरेने पाहते, त्या नजरेत हसू आहे आणि हिशेबही आहे. हा माणूस कोण, आपल्या घरात का आला, याला किती विश्वासाने वागवायचे, असा तो हिशेब. ही नजर तिने सुरुवातीपासून पेरून ठेवली आहे म्हणून पुढे जेव्हा खरोखरच कुणावर विश्वास ठेवावा असा प्रश्न पडतो, तेव्हा आपण एका निराळ्याच चित्रपटात येऊन पडलो असे वाटत नाही. प्रेमात फसवणूक लाडाची असते आणि गुन्ह्यात जिवावरची, पण फसवले जाण्याची भीती एकच असते. ही गोष्ट पटकथेला कळली होती की नाही कोण जाणे, एकवीस वर्षांच्या त्या मुलीला कळली होती.

ऐंशीच्या दशकात मी वर्धा जिल्ह्यात कारंजा (घाडगे) येथे बँकेत अधिकारी होतो. नागपूर-अमरावती महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव, भोवती संत्र्यांचे मळे. कंसातला घाडगे लिहिला नाही, तर टपाल तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा (लाड)ला जाऊन आठवड्याने परत येई. ‘पेइंग गेस्ट’ मी तिथेच दूरदर्शनवर प्रथम पाहिला, घरमालकांच्या ओसरीवर, गल्लीतल्या पंधरावीस माणसांबरोबर. अँटेना फिरवायला एक पोरगा गच्चीवर कायम तैनात. गाणी संपून खूनखराबा सुरू झाला तशी तरुण पोरे कंटाळून पांगली, आणि बायका मात्र सरकून पुढे आल्या. तिच्यावर आळ आला आहे म्हटल्यावर त्यांना आता जायचे नव्हते. मी स्वतः बिऱ्हाडकरू असल्याने पहिल्या अर्ध्यात माझ्याकडे पाहून थोडी चेष्टाही झाली, ती असो.

बँकेचा उल्लेख आला म्हणून दुसरी एक गोष्ट सांगतो. नूतनच्या आयुष्याकडे मी ज्या बाजूने पाहतो, ती बाजू मला काउंटरने दाखवली. संत्र्यांच्या हंगामात तोडणीला, फळे निवडायला, पेट्या भरायला बायका जात. त्यांतल्या काहींची आमच्याकडे बचत खाती होती. खाते बाईच्या नावाचे, अंगठा बाईचा, फोटो बाईचा, आणि पासबुक कायम कुणा पुरुषाच्या खिशात. विड्रॉल स्लिपवर अंगठा घरूनच उठवून येई. नियमाप्रमाणे खातेदार समक्ष हवा, म्हणून आम्ही स्लिप परत करत असू. मग ती बाई यायची, खिडकीपाशी उभी राहायची, अंगठा द्यायची, आणि नोटा मोजून तिच्या हातात ठेवल्या की त्या न पाहताच शेजारी उभ्या असलेल्याच्या हातात जायच्या. एकदा अशीच एक बाई नोटा हातात धरून बराच वेळ उभी राहिली. तिने दिल्या नाहीत, नाहीही म्हटले नाही. शेजारचा माणूस हात पुढे करून उभा, मागे रांग खोळंबलेली. शेवटी तिने दिल्याच. पण त्या अर्ध्या मिनिटात तिच्या चेहऱ्यावर जे होते, ते मी आधी कुठेतरी पाहिले होते. पुष्कळ विचार केल्यावर आठवले, ‘सोने की चिडिया’त.

‘सोने की चिडिया’ १९५८ चा. कथा इस्मत चुगताईंची, दिग्दर्शन त्यांचे पती शाहिद लतीफ यांचे. लक्ष्मी नावाच्या पोरक्या मुलीला नातेवाईक ओझे समजून सांभाळतात, आणि ती चित्रपटात नाव काढते तेव्हा तेच नातेवाईक तिच्या कमाईवर बंगला करतात. प्रेम करायला येणाऱ्याचीही नजर तिच्या पैशावरच. बलराज साहनींचा कवी आणि तलत महमूदचा प्रियकर या दोघांमध्ये ही सोन्याची चिमणी अडकते. नूतनने हे काम बाविसाव्या वर्षी केले. तेव्हा तिचे करार, तिच्या तारखा, तिचे पैसे हे सारे आई पाहत होती. चित्रपटसृष्टीत ते नवे नव्हते. मधुबालापासून मीनाकुमारीपर्यंत अनेक मुलींच्या कमाईवर घरे चालली. नवे काय होते, तर ते नूतनने पुढे उचललेले पाऊल.

लग्नानंतर काही वर्षांतच आई आणि लेकीत पैशाच्या हिशेबावरून फाटले, आणि ते प्रकरण कोर्टात गेले. त्या काळच्या सिनेसाप्ताहिकांना हे दिवाळीसारखे होते. पडद्यावरच्या सीतेवर तिचीच लेक फिर्याद करते, यापेक्षा चांगला मथळा कुणाला मिळणार? कोण बरोबर आणि कोण चूक, हा निवाडा इतक्या वर्षांनी कुणी करू नये. घर उभे करताना आईने पैसा जसा आला तसा वापरला असणार, आणि चौदाव्या वर्षापासून राबणाऱ्या मुलीला आपल्या नावावर नेमके काय आहे ते जाणून घ्यावेसे वाटले असणार. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे वारसांची भांडणे पाहिलेल्या कुठल्याही बँकवाल्याला विचारा. मायलेकींचे बोलणे सुमारे वीस वर्षे बंद राहिले. मधल्या काळात नूतनची तीन मोठी पारितोषिके झाली, शासनाने १९७४ मध्ये पद्मश्री दिली, आणि ज्या बाईने तिला कॅमेऱ्यापुढे उभे केले ती बाई यातल्या कशालाही शेजारी नव्हती. १९८३ मध्ये दोघी पुन्हा एकत्र आल्या.

पण मी वर्षांची उडी मारली. १९५९ कडे परत यायला हवे, कारण ते वर्ष विलक्षण होते. हृषीकेश मुखर्जींचा ‘अनाडी’ त्याच वर्षीचा. तोही असाच, प्रेमकथा म्हणून सुरू होऊन विषारी औषध आणि खुनाच्या आरोपाकडे वळणारा. फक्त तिथे आळ राज कपूरवर येतो आणि नूतनने पाहत राहायचे असते. याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. अस्पृश्य घरात जन्मलेली आणि ब्राह्मण कुटुंबात मुलीसारखी, पण मुलगी म्हणून नव्हे, अशी वाढलेली सुजाता. तिच्यावरचा आरोप जन्माचा आहे, म्हणून तिला वकीलही नाही. ओठ मिटलेले, पापण्या खाली, आणि घरात कुणी ओळख करून देताना मुलगी या शब्दाला अडखळला की मानेला होणारी सूक्ष्म हालचाल. दुसरे फिल्मफेअर या मौनाला मिळाले.

आणि त्याच वर्षी, ११ ऑक्टोबर १९५९ रोजी, नूतनने नौदलातील अधिकारी लेफ्टनंट कमांडर रजनीश बहल यांच्याशी लग्न केले. मुंबईत त्या दिवसांत नौदलाच्या अधिकाऱ्याचा उल्लेख निघाला की लोकांच्या मनात दुसरेच नाव येई. एप्रिलमध्ये कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकरावर, प्रेम आहुजावर, गोळ्या झाडल्या होत्या आणि ज्युरीपुढचा तो खटला शहर डोळ्यांत तेल घालून वाचत होते. ज्युरीने निर्दोष ठरवले, न्यायाधीशांना ते पटले नाही, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. प्रेमकथेचा गुन्हेकथेत होणारा बदल पटकथाकारांच्या डोक्यातून निघून थेट कफ परेडच्या आसपास वावरू लागला होता. १९६३ साली त्या प्रकरणाच्या छायेतला ‘ये रास्ते हैं प्यार के’ आला. आणि १९६३ सालीच ‘बंदिनी’ आला.

लग्नानंतर नूतनने काम बरेच आवरते घेतले होते. १९६१ मध्ये मुलगा झाला. पण कल्याणीसाठी बिमलदांना तीच हवी होती. ‘जरासंध’ या टोपणनावाने लिहिणारे चारुचंद्र चक्रवर्ती हे तुरुंगाचे अधिकारी होते, त्यांच्या ‘तामसी’ या बंगाली कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला. एक सरकारी माणूस आपल्या रजिस्टरांमधल्या माणसांवर कादंबऱ्या लिहितो, याचे मला वेगळे अप्रूप आहे, ते वाचकांनी समजून घ्यावे.

‘पेइंग गेस्ट’ उलटा करून पाहिला तर ‘बंदिनी’ होतो. तिथे प्रेमाने सुरुवात होऊन शेवटी पिंजरा येतो, इथे सुरुवातीलाच तुरुंगाचे दार उघडते आणि मग मागे जात जात आपण प्रेमापर्यंत पोहोचतो. तिथे नायिका निर्दोष आहे आणि प्रेक्षकाला ते पहिल्यापासून ठाऊक आहे. इथे कल्याणीने खून केला आहे. खरोखर केला आहे. क्रांतिकारक बिकाश तिला वचन देऊन गेला, परत आला नाही. बदनामी सोसून तिने गाव सोडले, शहरात इस्पितळात कामाला लागली. तिथली एक चिडखोर, तोंडाळ रुग्ण स्त्री तिला रात्रंदिवस छळते आहे, आणि ती स्त्री म्हणजे बिकाशची पत्नी आहे हे तिला कळते. त्याच सुमारास तिला शोधत शहरात आलेले वडील अपघातात गेल्याचे कळते.

मग तो प्रसंग येतो. हिंदी चित्रपटातला खून म्हणजे किंकाळी आणि वीज चमकणे, ही रीत होती. इथे बाहेर कुठेतरी लोखंडावर घण पडताहेत, वेल्डिंगच्या ठिणग्यांचा उजेड खिडकीतून येतो आणि जातो. नूतनचा चेहरा उजळतो, अंधारतो, पुन्हा उजळतो. ती जवळजवळ काहीच करत नाही. स्टोव्ह पेटवते, चहा करते, विष घालते. राग येताना दिसत नाही, निश्चय होताना दिसत नाही. एका क्षणी ती सोसणारी बाई आहे आणि पुढच्या उजेडात ती नाही. हे इतक्या कमी हालचालीत दाखवणारी अभिनेत्री आपल्याकडे तेव्हा दुसरी नव्हती आणि नंतरही फार झाल्या नाहीत. अशोककुमार आणि धर्मेंद्र या दोघांची कामे चांगली असूनही ती दोघेही या चित्रपटात येऊन जाऊन असतात. नायिकेला खुनी ठरवून, तिची बाजू मांडायला कुठलाही वकील न देता, प्रेक्षकाला तिच्या बाजूला बसवणे हे काम एकटीने पार पाडले गेले. तिसरे फिल्मफेअर या भूमिकेचे.

‘बंदिनी’नंतरच्या काही वर्षांवरून भराभर पुढे जायला हरकत नाही. ‘तेरे घर के सामने’ हा विजय आनंदचा निखळ आनंददायी चित्रपट त्याच वर्षीचा, त्यात कसलाही गुन्हा नाही. ‘मिलन’ने १९६७ साली चौथे पारितोषिक दिले. ‘सरस्वतीचंद्र’ने गोवर्धनराम त्रिपाठींची गुजराती कुमुद तिला दिली. काही चित्रपट असेही आले ज्यांची नावे तिच्या चाहत्यांनाही आठवावी लागतात.

१९७३ चा ‘सौदागर’ मात्र वगळता येत नाही. नरेंद्रनाथ मित्र यांच्या बंगाली कथेवरचा, सुधेंदू रॉय यांचा हा चित्रपट बेताचा चालला, आणि अमिताभच्या मोठ्या यादीत कुठेतरी कोपऱ्यात पडून राहिला. खजुराच्या रसाचा गूळ करण्यात जिचा हात कुणी धरणार नाही अशी महजबीन, सगळे तिला मजूबी म्हणतात. रस काढणारा मोती तिच्याशी निकाह लावतो तो तिच्या हाताच्या गुणासाठी. बायको केली की मजुरी द्यावी लागत नाही! तिच्या गुळावर पैसा साठवून, त्याच पैशातून दुसऱ्या तरुण मुलीची मेहर भरून, तो मजूबीला खोटा आळ घालून तलाक देतो. पुन्हा आळ. खुनाचे नावही नसलेल्या या चित्रपटात मला तिच्या सगळ्या गुन्हेपटांपेक्षा मोठा गुन्हा दिसतो. कढईसमोर बसलेली, धुराने डोळे चुरचुरणारी, रस किती आटला हे नुसत्या बुडबुड्यांवरून ओळखणारी नूतन पाहिली, की संत्र्यांच्या पेट्यांपाशी बसलेल्या आणि पासबुक कधीही हातात न पडलेल्या बायका समोर येतात. भारतातल्या कामकरी बाईची गोष्ट आमच्या हिंदी चित्रपटाने इतकी सरळ क्वचितच सांगितली असेल.

१९७८ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ने तिला पाचवे फिल्मफेअर मिळवून दिले. हा चित्रपट चंद्रकांत काकोडकरांच्या ‘अशी तुझी प्रीत’ या कादंबरीवरून निघालेला, म्हणजे पुन्हा मराठी मुळाचा. दिग्दर्शक राज खोसला हे प्रेमकथेत रहस्य मिसळण्यात वाकबगार. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’वरून ‘मेरा साया’ त्यांनीच केला होता. इथे मात्र रहस्य नाही, नवऱ्याच्या आयुष्यातल्या दुसऱ्या स्त्रीचा मुलगा वाढवणारी पत्नी आहे. न्याय करण्याची पाळी आता तिच्यावर आलेली, आणि तो करताना स्वतःचाच मुलगा दुखावला जातो. प्रमुख भूमिकेच्या पाच पारितोषिकांचा तिचा हा विक्रम तीस वर्षांहून अधिक काळ टिकला. २०११ साली त्याची बरोबरी केली ती काजोलने, तनुजाच्या मुलीने.

शेवटच्या वर्षांत ती आई झाली, पडद्यावर नायकांची. ‘मेरी जंग’मध्ये निरपराध नवरा फासावर गेल्याने भान हरपलेली बाई तिने केली आणि सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक घेतले. खटला पुन्हा होताच, फक्त ती आता पिंजऱ्याबाहेर होती. ‘कर्मा’त, १९८६ मध्ये, दिलीपकुमारसमोर प्रथमच दिसली. तरुणपणी दोघांचा ‘शिकवा’ अर्धवट राहून गेला होता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर बिमल मित्र यांच्या कादंबरीवरची ‘मुजरिम हाजिर’ ही मालिका आली आणि कालीगंजची सून म्हणून नूतन घराघरांत पोहोचली. ज्यांनी ‘बंदिनी’ पाहिला नव्हता अशा पिढीने तिला प्रथम तिथे पाहिले.

१९९० मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. हातात घेतलेली कामे तिने जमतील तेवढी पुरी केली. २१ फेब्रुवारी १९९१ रोजी मुंबईत तिचे निधन झाले, तेव्हा तिला पंचावन्नावे वर्ष चालू होते. ‘नसीबवाला’ आणि ‘इन्सानियत’ हे चित्रपट त्यानंतर प्रदर्शित झाले. शोभनाबाई लेकीमागे नऊ वर्षे जगल्या. ९ फेब्रुवारी २००० रोजी त्या गेल्या.